खिडकीतून मोजलेल्या लाटा

३ मार्च, सोमवार

सहा चाळीसला पेजवर टाकलं — "गुडघ्यापर्यंत. वारा जमिनीकडून, हलका. पाणी स्वच्छ. नवख्यांनी यावं." सात वाजेपर्यंत एकशे चार लाइक! आजवरच्या सगळ्या वाढदिवसांना मिळूनसुद्धा मला एवढे आले नसतील.

आई म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर चहा टाक."

आज पाण्यात पहिला प्लंबर. रोजचीच तऱ्हा. लाटेवर उभं राहायचा बोर्ड काखेत, पाण्याच्या काठाशी येऊन आमच्या खिडकीकडे पाठ, एक हात कमरेवर, आणि मिनिटभर नुसता उभा! जणू समुद्राचा नळ यानंच बसवून दिलाय आणि आता दाब तपासतोय. पण एकटा तोच नाही. जो कुणी पहिला येतो तो असाच खांबासारखा उभा राहतो. पाणी बर्फासारखं असतं, धीर गोळा करत असतील बिचारे. आत शिरायची एवढी भीती, मग जातात कशाला?

४ मार्च, मंगळवार

वही नवी आहे, तिला आधीचं काहीच ठाऊक नाही. एकदाच लिहून ठेवते.

मी वेटसूट दुरुस्त करते — थंड पाण्यात लाटांवर स्वार होणाऱ्या लोकांचे ते काळे, अंगाला चिकटून बसणारे रबरी कपडे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत आई आणि मी राहतो, दुसरीत शिवणयंत्र, गोंदाचे डबे, वाकड्या सुया आणि दोरीवर माना टाकून लटकलेले सूट. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान. समोर रस्ता, मग कठडा, मग समुद्र.

चार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक दीड तास गाडी हाकून आलं, आणि समुद्र ताटासारखा सपाट. माझ्यासमोर डोकं धरून बसलं. मी तर उजाडल्यापासून बघत होते की आज काही नाही! कुणी एक ओळ लिहून कळवली असती तर माणसाचा दिवस वाचला असता. दुसऱ्याच दिवशी पेज काढलं. नाव — 'खिडकी'. या रस्त्यावर शंभर खिडक्या आहेत, कुणाला पत्ता लागणार? आज तीन हजारांवर लोक वाचतात.

सगळे म्हणतात, खिडकीचं माप इंचाला इंच बरोबर. असणारच! प्रत्येक गिऱ्हाइकाला मी वेगळ्या रंगाचं ठिगळ लावते. प्लंबर पिवळा, हेडबाई नारंगी, बेकरीवाला करडा. लाटेवर उभा राहिलेला माणूस इथून मुंगीएवढा दिसतो, पण दुर्बिणीतून ठिगळ ओळखू येतं. ठिगळावरून माणूस कळतो, आणि माणूस कळला की माप कळतं — सगळ्यांची मापं माझ्या मापवहीत आहेत. जमिनीपासून गुडघा किती, कंबर किती, छाती किती. लाट प्लंबरच्या कमरेला लागली तर ती एवढी, हेडबाईंच्या कमरेला लागली तर तेवढी. मग मध्यम उंचीच्या माणसावर ते बसवायचं आणि टाकायचं. कपडे बेतायचीच विद्या, फक्त इथे कापडाऐवजी पाणी!

आणि एक गोष्ट. मी कधी पाण्यात गेलेली नाही. घोट्याच्या वर नाही. मला पोहताच येत नाही. लोकांना वाटतं खिडकी म्हणजे समुद्रात मुरलेलं कुणीतरी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! हे आईशिवाय कुणाला माहीत नाही, आणि कळताही कामा नये. कळलं तर कोण विचारेल खिडकीला? आणि सकाळचं ते एक काम गेलं, तर मी कोण? दोरीवरचे सूट मोजणारी बाई.

६ मार्च, गुरुवार

बेसिन तुंबलं. सूट धुताना वाळू जाते, दर दोन महिन्यांनी ठरलेलंच. प्लंबर आला, पाइप खोलला, ओंजळभर वाळू वर्तमानपत्रावर काढून माझ्यासमोर धरली.

"टाकेबाई, किनारा हळूहळू घरी हलवताय वाटतं?"

हा मला टाकेबाई म्हणतो. म्हणू दे.

तेवढ्यात हेडबाई हातमोजा घेऊन आल्या, अंगठ्याची शिवण सुटलेला. निवृत्त मुख्याध्यापिका, वय बासष्ट, उंची जेमतेम पावणेपाच फूट, आवाज मात्र सहा फुटी. दोघांचं सुरू झालं — खिडकी कोण असेल?

"निवृत्त कप्तान," प्लंबर म्हणाला. "भाषा बघा ना. एक शब्द जास्तीचा नाही."

"छे! एवढं शुद्ध लिहिणारा कप्तान मी पाहिला नाही. शिक्षकी पेशातलं कुणीतरी. तुला काय वाटतं गं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणून मी हातमोज्यात नाक खुपसलं. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. मला मेलीला इतक्या गुदगुल्या झाल्या! कप्तान म्हणे! आई आतल्या खोलीत उगाचच खोकली.

७ मार्च, शुक्रवार

बेकरीवाला धापा टाकत आला. सूट उजव्या खांद्यावर टरकलेला, उद्या उजाडताच हवा म्हणे. करडा तुकडा संपलेला. नारंगी होता. तोच लावला. गोंद दोनदा, दहा-दहा मिनिटं वाळवून, मग आतून आंधळी टीप — सुई कापडाच्या अर्ध्यातच फिरवायची, आरपार जाऊ द्यायची नाही, नाहीतर भोकातून पाणी शिरतं. झकास झालं.

हेडबाईंचंही नारंगीच आहे, आणि उजव्याच खांद्यावर. लक्षात ठेवायला हवं.

८ मार्च, शनिवार

लक्षात ठेवलं नाही.

सकाळी धुकं होतं. पाण्यात एकच माणूस, काठाशी तो नेहमीचा कमरेवर हात. नारंगी दिसलं. मनात म्हटलं, हेडबाई आज सगळ्यांच्या आधी! लाटेवर उभ्या राहिल्या, लाट कमरेला लागली. हेडबाईंची कंबर म्हणजे मध्यम माणसाची मांडी. लिहिलं — "मांडीपर्यंत. वारा नाही. धुकं. नवख्यांनी यावं." टाकलं आणि चहा प्यायला बसले. चहा चांगला झाला होता, हेसुद्धा आठवतंय.

साडेनऊला कठड्याशी रुग्णवाहिका थांबली. धुकं तोवर विरलं होतं. पाण्यातून एका बाईला दोघं धरून आणत होते. तिचा एक हात छातीशी आवळलेला. धरणाऱ्यांतला एक बाकीच्यांपेक्षा दीड डोकं उंच. त्याच्या उजव्या खांद्यावर नारंगी.

आई दुर्बिणीतून बघत होती. म्हणाली, "हेडबाई एकदम उंच झाल्या गं." मग दुर्बीण खाली ठेवली.

बेकरीवाला सहा फूट दोन इंच आहे. त्याची कंबर माझ्या मापवहीत लिहिलेली आहे. हेडबाईंचीही. वजाबाकी केली. जवळजवळ एक फूट! मी समुद्रातून एक फूट चोरला.

९ मार्च, रविवार

काही टाकलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. त्रेचाळीस मेसेज — "खिडकी, बरी आहेस ना?" "खिडकी, काच पुसायला काढलीय का?"

खिडकीला लोक अगंतुगं कधीपासून करायला लागले? असेल. खिडकी स्त्रीलिंगीच.

१० मार्च, सोमवार

टाकलं. "शनिवारची नोंद चुकीची होती. मांडी लिहिलं, प्रत्यक्षात कमरेच्या वर होतं. माणूस ओळखण्यात चूक झाली. चूक सर्वस्वी खिडकीची. जिला लागलं तिची माफी."

वाटलं, आता दगड पडतील. दोन-तीन पडलेही. "दुसऱ्याच्या खिडकीवर विसंबणाऱ्यांनी आधी आपली उघडावी" — हे एकानं लिहिलं आणि ते खरंच आहे. पण बाकीच्यांनी लिहिलं, चालायचंच, समुद्र आहे. एवढा मोठेपणा नको होता मला. चार शिव्या दिल्या असत्या तर मोकळी झाले असते.

पण "पाण्यात गेलेली नाही" हे लिहिलं नाही. लिहून पुसलं. दोनदा.

१३ मार्च, गुरुवार

आज ती आली. स्वतःच!

तिशीची असेल. पेशानं नर्स. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, डाव्या हातात पिशवी. पिशवीतून सूट काढून टेबलावर ठेवला — मनगटापासून थेट कॉलरपर्यंत कात्रीनं उभा कापलेला.

"आमच्याच वॉर्डातल्यांनी कापला हो ताई. मी ओरडत होते, अरे चेन आहे, चेन उघडा! पण आम्हीच शिकवलंय ना एकमेकींना, की जखमीचे कपडे ओढायचे नाहीत, कापायचे. जुळेल का?"

मी कापलेल्या कडा जुळवून पाहिल्या. मान हलवली.

तिनं सगळं आपणहून सांगितलं. जानेवारीत बोर्ड घेतला. समुद्राची भीती वाटते, पण आठवडाभर आजारी माणसं बघून डोकं जड होतं, ते पाण्यात हलकं होतं. फक्त खिडकी "नवख्यांनी यावं" म्हणते त्याच दिवशी जाते. त्या दिवशी मोठी लाट आली, पाय टेकवायला गेली तर खाली जमीनच नाही. बोर्ड फिरून हातावर आला.

"खिडकीला दोष नाही देत मी," ती म्हणाली. "माफी मागितली ना त्यांनी. रोज आत असणाऱ्या माणसाचीसुद्धा एखाद्या दिवशी चूक होते."

रोज आत असणाऱ्या! मी पावती लिहायला खाली वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले.

१५ मार्च, शनिवार

"कमरेपर्यंत. वारा समुद्राकडून. पाणी खवळलेलं." एवढंच टाकते आता. "नवख्यांनी यावं" हे शब्द हातून उतरतच नाहीत.

१८ मार्च, मंगळवार

नर्सच्या सूटची शिवण — सव्वीस इंच. तीन दिवस पुरवून शिवली.

आई शेजारी बसून दोरा ओवून देत होती. म्हणाली, "सांगून टाक तिला."

"आणि मग?"

"मग काय, लाइन चालू राहते. मी सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. चुकीचा नंबर जोडला तर लगेच सांगायचं, चुकीचा लागला. जो गप्प बसून ऐकत राहतो, तो मेला!"

२० मार्च, गुरुवार

सांगितलं.

ती सूट न्यायला आली. डाव्या हाताची बोटं शिवणीवरून फिरवत म्हणाली, "कापलं होतं कुठे तेच सापडत नाहीये!" माझे डोळे भरून आले. "गोंदाचा वास का ताई?" हो म्हणणार होते. इतकं सोपं होतं हो म्हणणं.

"खिडकी मी आहे," म्हटलं.

ती हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. मी मापवही दाखवली, ठिगळांचा डबा दाखवला, हेडबाईंचं पान, बेकरीवाल्याचं पान. शनिवारी काय झालं ते सगळं सांगितलं. ती ऐकत गेली.

"पण तुम्ही स्वतः पाण्यात..."

"नाही."

"एकदाही?"

"घोट्यापर्यंत. पोहता येत नाही मला."

तिनं मापवही मिटली.

"मला राग आलाय," ती म्हणाली. अगदी शांतपणे, ताप किती आहे ते सांगावं तसं. "हाताचा नाही. हात मोडतो, जुळतो, रोज बघते मी. पण तुम्ही लिहायचात — यावं. मी त्या एका शब्दावर यायचे. मला वाटायचं, आत कुणीतरी आहे आणि ते मला बोलावतंय."

मी सूट घडी घालून तिच्या पिशवीत ठेवला.

दारापर्यंत गेली आणि वळली. "प्लास्टर एप्रिलच्या शेवटी निघेल. मग मी परत जाणार. भीती वाटते, तरी जाणार. तुम्ही माझ्या शेजारी हव्यात. कठड्यावर नाही हां — पाण्यात. तोवर मी कुणाला काही बोलत नाही."

म्हणजे धमकी होती की काय? नाही, तशी नव्हती.

विचित्र म्हणजे खूप भूक लागली. आईनं आणि मी चार वाजताच जेवून घेतलं.

२२ मार्च, शनिवार

बेकरीवाल्याला बोलावून घेतलं. नारंगी उसवून जांभळं लावलं.

"का?" तो म्हणाला.

"नारंगी तुला शोभत नाही."

एवढा धिप्पाड माणूस, पुढे एक प्रश्न विचारला नाही. मुकाट सूट घेऊन गेला. जाताना मात्र दारात घुटमळला आणि म्हणाला, "त्या दिवशी माझ्याच आधी लक्षात यायला हवं होतं." काय लक्षात यायला हवं होतं? नर्सकडे लक्ष ठेवायला हवं होतं, असं म्हणायचं असेल. भला माणूस आहे.

२४ मार्च, सोमवार

हेडबाईंना विचारलं, पोहायला शिकवाल का?

"शेवटी!" म्हणाल्या. मग घाईघाईनं, "म्हणजे शेवटी कुणीतरी विचारलं मला! निवृत्त झाल्यापासून शिकवायला कुणी मिळतच नाही." मी कारण तयार ठेवलं होतं — वय झालं, व्यायाम हवा, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी कारण विचारलंच नाही. सगळी तयारी फुकट!

२६ मार्च, बुधवार

सार्वजनिक तलाव. चार फूट पाणी. कठडा सोडला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

कठडा सोडला. परत धरला.

२ एप्रिल, बुधवार

हेडबाई काठावरून ओरडतात आणि अख्खा तलाव ऐकतो. "पाय! पाय मार! शिवणयंत्र चालवतेस ना, तसेच!" शेजारच्या रांगेतला एक सात वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "आजी, नाक धरायचं नसतं." मी चव्वेचाळीस वर्षांची आहे!

पण पाय मारले. शिवणयंत्रासारखेच. आणि मी पुढे गेले! चार हात असेन, फार नाही. नाकातोंडात पाणी गेलं, खोकले, डोळे चुरचुरले, आणि काय सांगू, इतका आनंद झाला की त्या मुलालाच टाळी दिली.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे मी तुला दुसरीत असताना सांगितलं होतं." प्रत्येक गोष्ट हिनं मला दुसरीत असताना सांगितलेली असते.

१२ एप्रिल, शनिवार

माझ्यासाठी सूट बेतायला घेतला. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. आईला टेप दिला.

आजवर किती शेकडो लोकांभोवती हा टेप फिरवला असेन मी! माझ्याभोवती आज पहिल्यांदा. आई चष्मा कपाळावर चढवून गुडघ्यावर बसली — बसताना हुंकारली, उठताना माझा हात धरला. घोटा, गुडघा, मांडी. "हात वर. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, समुद्र बघायला येत नाहीये तुला!" मापवहीत नवं पान काढलं. वर माझं नाव लिहिलं, अक्षर एक्सचेंजमधलं, टपोरं. खाली — जमिनीपासून गुडघा, अठरा इंच.

चार वर्षं त्या वहीत माझं पान नव्हतं. आईनं पान डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बापाचे गुडघे आहेत तुला." आम्ही दोघी खूप हसलो.

१६ एप्रिल, बुधवार

तलावाची एक पूर्ण लांबी! मध्ये न थांबता. हेडबाई म्हणाल्या, "उत्तीर्ण. काठावर, पण उत्तीर्ण."

२५ एप्रिल, शुक्रवार

सूट झाला. माझ्या हातचा सगळ्यात चांगला. आरशासमोर घालून उभी राहिले तर सील प्राण्यासारखी दिसत होते. तशीच लठ्ठ, समाधानी.

२९ एप्रिल, मंगळवार

प्लास्टर निघालं. नर्स दाखवायला आली — हात बारीक, पांढरा, मूठ वळते. मीही सांगितलं, तलावाची लांबी येते आता. ती क्षणभर बघत राहिली. राग गेला की नाही कळेना. मग म्हणाली, "खरंच गेलात तुम्ही?" आणि माझा हात दाबला, त्याच हातानं. जोर अजून कमीच आहे.

रविवारी, ४ तारखेला. ठरलं.

१ मे, गुरुवार

दिवसभर सुई टोचून घेतेय. तीनदा. वीस वर्षांत झालं नाही असं.

तलावात तळ दिसतो. समुद्रात काय दिसतं? मी चार वर्षं लोकांना "पाणी स्वच्छ" सांगत आले, ते वरून स्वच्छ. आतून कसं असतं ते मला ठाऊकच नाही. शेपूट घालायची तर आजच घालावी, तब्येतीचं निमित्त सांगून. पण तिला काय सांगू — आत कुणी नव्हतं आणि आताही नाही?

नाही. जायचं.

३ मे, शनिवार

यंत्राचा आवाज आला म्हणून आत गेले. आई बसलेली, माझा कोरा सूट सुईखाली! पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, लालभडक ठिगळ.

"आई! फाटलेला नसताना ठिगळ?"

"मला दिसायला नकोस का तू? एक्सचेंजमध्ये तातडीच्या कॉलचा दिवा लालच असायचा. लांबून लालच दिसतं."

टीप आरपार गेलीय. भोकातून पाणी शिरणार. तरी उसवली नाही.

"आणि उद्याची नोंद?" मी विचारलं. "मी तर सहा चाळीसला खाली असणार."

"मी टाकते."

"तुला जमेल?"

"सत्तावीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं मी. एक ओळ लिहिता येणार नाही?"

४ मे, रविवार

सगळ्यात आधी आम्ही दोघीच. निदान मला तसं वाटलं होतं. कठड्याशी प्लंबर, हेडबाई, बेकरीवाला, तिघंही उभे. नर्स माझ्या कानात, "शपथ, मी कुणाला बोललेले नाही!"

डोळे मिटून पाण्याकडे निघाले. प्लंबरनं दंड धरला.

"टाकेबाई, असं नाही. पहिला जाणाऱ्यानं आधी काठावर थांबायचं. खिडकीकडे पाठ, हात कमरेवर, ठिगळ नीट दिसू दे. मिनिटभर."

"का?"

"का म्हणजे? वर ओळखायला नको, कोण आहे ते? चार वर्षं हेच तर करतोय आम्ही."

चार वर्षं! आणि मी म्हणत होते, थंडीला घाबरतात.

उभी राहिले. हात कमरेवर. रडू फुटलं, थंडीनं नव्हे. मग नर्सनं डावा हात धरला आणि आम्ही आत गेलो. पाठीत आईच्या टिपेतून गार पाणी शिरत होतं. दोनदा पडले, एकदा बोर्डवर गुडघ्यांवर उभी राहिले, समुद्र गिळला, हसले.

घरी येऊन पेज उघडलं. सहा चाळीसचीच नोंद —

"लेकीच्या गुडघ्यापर्यंत. पाणी स्वच्छ. नवख्यांनी यावं."